दोन जावांचा ट्रॅक्टर

आमच्याकडे लसूणघास एकदा पेरला की दोन-तीन वर्षं बघावं लागत नाही. कापला की फुटतो, पुन्हा कापायचा, पुन्हा फुटतो. गाईंच्या दुधाला त्याच्यासारखा चारा नाही. पण तो रोज कापावा लागतो, आणि कापणार कोण, तर घरातली बाई. उकिडवं बसायचं, डाव्या मुठीत घास धरायचा, उजव्या हातानं विळा आपल्याकडे ओढायचा आणि तसंच बसल्या बसल्या पुढं सरकायचं. लग्नानंतर रोज माझी निम्मी सकाळ अशीच जायची.

माझं माहेर राजूरच्या पुढं, डोंगरात. तिथं आम्ही भात कापायचो. पारनेरच्या या माळावर लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, विळा तर माझ्या हातातलाच आहे. पहिल्या दिवशी मी घास वरवर कापला. थोरल्या जावेनं ते बघितलं आणि ती माझ्या शेजारी येऊन बसली. तिला मी अक्का म्हणते. तिनं माझं मनगट धरून विळा पार मातीला टेकवला.

"बुडातनं काप. वरनं कापला तर पुढच्या टायमाला फुटवा न्हाई यायचा."

तेवढंच बोलली. पण त्या दिवसापासून आम्ही दोघी एकाच वाफ्यात शेजारी शेजारी बसायला लागलो. अक्का माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी. बोलायला लागली की थांबायची नाही. कुणाच्या घरी काय शिजलं, कुणाच्या म्हशीला काय झालं, तिच्या आईनं तिला लग्नात काय सांगितलं, सगळं मला त्या घासात बसूनच कळलं. दोन्ही पोरांच्या वेळी मला दिवस गेल्याचं मी नवऱ्याच्या आधी तिला सांगितलं, तेही घासातच. सकाळचं ऊन पाठीवर यायचं, घासाला निळी-जांभळी फुलं असायची, हाताला हिरवा वास लागायचा. भारा बांधून झाला की ती माझ्या डोक्यावर चढवायची. मग तिचा भारा तिच्या डोक्यावर चढवायला कुणी उरायचं नाही. ती तो बांधावर ठेवून, खाली वाकून, आपला आपणच उचलायची.

पुढं वाटण्या झाल्या. वाटण्यांचं एवढं काही नाही, त्या घरोघरी होतात. पण विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून आमचे हे आणि मोठे भाऊजी असं काही बोलून बसले, की त्यानंतर दोघांनी एकमेकांशी बोलणंच सोडलं. घासाचं रान मधोमध वाटलं गेलं. मध्ये नवा बांध पडला. एका बाजूला आमच्या गाई, एका बाजूला त्यांच्या.

बांध घातला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी विळा घेऊन गेले, तर अक्का बांधाच्या पलीकडं, अगदी बांधाला लागून बसली होती. तिनं मुद्दाम कडेच्या ओळीपासून सुरुवात केली होती. मग मीही कडेच्याच ओळीत बसले. आमच्या मध्ये गुडघ्याएवढा मातीचा बांध. दोघी एकाच चालीनं पुढं सरकत होतो आणि बोलत होतो. दोघींपैकी कुणाचा नवरा विहिरीच्या मोटारीकडं येताना दिसला की गप्प व्हायचं. तो गेला की तुटलेल्या शब्दापासून पुढं. कैक वर्षं आम्ही असंच बोलत राहिलो.

अक्काच्या मुलीचं लग्न ठरलं ते श्रीगोंद्याकडं. मुलाकडच्यांनी त्यांच्या गावाजवळचं एक लॉन्स घेतलं होतं. आम्ही बाया आदल्या दिवशीच पोहोचलो. हळदीच्या आधी हिरवळीवर एक म्हातारे गृहस्थ छोट्या लाल ट्रॅक्टरवर बसून गवत कापत होते. ट्रॅक्टर एवढा लहान की त्यांचे गुडघे स्टिअरिंगला लागत होते. पोटाखाली पाती फिरत होती आणि मागं गवत न्हाव्यानं हजामत केल्यासारखं साफ होत चाललं होतं. डिझेलचा धूर आणि कापल्या गवताचा वास एकत्र येत होता. बाया मुलीला हळद लावायला अक्काला शोधत होत्या, आणि अक्का नवी साडी नेसून कुंपणाच्या कडेला उभी होती.

"बघ गं," ती मला म्हणाली, "एवढ्यात आपलं दोघींचं अख्खं रान झालं आसतं."

मी म्हटलं, "अक्का, चला, हळद लावायचीय."

"थांब, वळवतो कसा ते बघू दे."

लग्नाच्या दिवशी आमचे हे आले, मांडवात पार मागं उभे राहिले, पुतणीवर अक्षता टाकल्या आणि न जेवता निघून गेले. अक्कानं त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवलेलं ताट तसंच राहिलं.

मग अक्काचा मणका गेला. डॉक्टरांनी उकिडवं बसायला साफ मनाई केली. तरी काही दिवस ती उभ्यानं वाकून कापायची, मग तेही होईना. मजुरीनं बाया बघितल्या, पण कांद्याचं काम निघालं की घासाला कोण येतं? मोठे भाऊजी म्हणाले, गाई विकून टाकू. आमच्याकडेही हेच चाललं होतं, कारण माझेही गुडघे काही नवे राहिले नव्हते. एका सकाळी मी एकटीच कडेच्या ओळीत कापत होते. पलीकडं कुणी नव्हतं. अक्का काठी टेकत बांधावर आली.

"पोरीचा फोन आलता," ती म्हणाली. "ते लॉन्स बंद करून तिथं एसी हॉल बांधत्यात. हिरवळ काढून फरशी टाकणार. ते म्हातारं गवताचा ट्रॅक्टर विकतंय."

मी विळा खाली ठेवला.

"दोघींत घेऊ," अक्का म्हणाली. "तुझं रान, माझं रान. तू चालव, मी बघते."

"आणि ह्यांना काय सांगायचं?"

"पोरीकडं चाललोय म्हणून सांगायचं. खोटं कुठं हाय? जायचंय तिच्याकडंच."

दोन एसट्या बदलून आम्ही गेलो. लेकीनं जेवायला घातलं आणि जावयानं गाडीवरून एकेकीला लॉन्सवर सोडलं. ओळखू येईना. अर्ध्या हिरवळीवर फरशीचे ठोकळे रचलेले, अर्धी उकरलेली. जिथं लग्नाचं स्टेज होतं तिथं वाळूचा ढीग. अक्का जराशी उभी राहिली आणि म्हणाली, "हितं पोरगी उभी हुती." मग आम्ही पुढं गेलो.

म्हातारे मालक बाहेर आले. त्यांनी आमच्या मागं रस्त्याकडं बघितलं.

"मालक मागनं येत्यात काय?"

"मालक आमीच," अक्का म्हणाली.

ते तसेच वळले, शेडमध्ये गेले आणि ट्रॅक्टरवरची ताडपत्री ओढली. लाल रंग ठिकठिकाणी फिका पडला होता, बसायच्या सीटला कुणीतरी सतरंजीचा तुकडा शिवला होता. त्यांनी किल्ली अर्धी फिरवली आणि तशीच धरून ठेवली.

"ह्याला आधी गरम व्हायला येळ द्यायचा. थंडीत जास्त. घाई केली तर धूर सोडतो आन् रुसतो." मग किल्ली पुढं ढकलली. ट्रॅक्टर दोनदा खोकला आणि चालू झाला.

मला स्कूटी येत होती, तेवढंच. त्यांनी मला बसवलं. क्लच, ब्रेक, पाती वर-खाली करायचा दांडा. उरलेल्या अर्ध्या हिरवळीवर मी एक फेरी मारली. पहिल्यांदा क्लच एकदम सोडला तेव्हा अक्कानं "आगं बाई!" म्हणून तोंडावर पदर घेतला. दुसऱ्या फेरीला मी सरळ गेले. तिसऱ्या फेरीला मला कळलं की मी हसतेय.

त्यांची बायको ओट्यावर चहा घेऊन आली. म्हातारे सांगायला लागले की ही हिरवळ त्यांनी स्वतः बायांबरोबर बसून लावली होती, एक एक रोप बोटानं मातीत दाबून. लग्नाच्या दिवशी पहाटे उठून ते शेवटचा हात फिरवायचे, म्हणजे नवरानवरी यायच्या वेळी गवताचा वास ताजा असायचा. "लोकास्नी वाटायचं आत्तर मारलंय," ते म्हणाले. हॉल मुलगा बांधत होता. त्याचंही चूक नाही म्हणाले. पावसात लग्न भिजलं की लोक पैसे देत नाहीत.

"न्या बायांनो," त्यांची बायको म्हणाली. "ह्यो ट्रॅक्टर हाय तवर हे घरात टेकायचं न्हाईत."

पैशाचं बोलणं अक्कानं केलं. ते मी इथं सांगत बसत नाही. दोघींचे दुधाचे पैसे साठवलेले होते, त्यात भागलं. मालकांनी डिझेलची टाकी भरून दिली आणि पिकअप टेम्पो मागवला. फळीवरून ट्रॅक्टर टेम्पोत चढवायला ते कुणाला हात लावू देईनात. स्वतः चढवला, स्वतः दोर बांधला, आणि खाली उतरून सीटवरची सतरंजी नीट केली. टेम्पो निघाला तेव्हा ते आत निघून गेले होते. त्यांची बायको मात्र रस्त्यापर्यंत आली.

टेम्पोत ड्रायव्हरशेजारी आम्ही दोघी दाटीवाटीनं बसलो. दोन्ही बाजूंनी ऊस होता, पुढं ऊस संपून मोकळा माळ लागला. अक्का सारखी मागच्या काचेतनं बघत होती. मध्येच म्हणाली, "उतरवायचा कुठं गं?"

याचा विचार आम्ही केलाच नव्हता. तिच्या दारात उभा केला तर माझ्या घरी पेटणार, माझ्या दारात केला तर तिच्या. शेवटी आम्ही टेम्पो वस्तीवर नेलाच नाही, सरळ घासाच्या रानाकडं नेला आणि बांधाच्या टोकाला, लिंबाखाली ट्रॅक्टर उतरवला. दोन चाकं तिच्याकडं, दोन माझ्याकडं.

संध्याकाळी दोन्ही घरांच्या ओट्यांवर दोन भाऊ उभे होते. दोघंही लिंबाकडं बघत होते. आमच्या ह्यांनी मला एवढंच विचारलं, "कुणाचा हाय?"

"आमचा," मी म्हटलं.

"आमचा म्हंजी?"

"माझा आणि अक्कांचा."

त्यांनी चप्पल काढली आणि आत जाऊन बातम्या लावल्या.

दुसऱ्या दिवशी घास कापायला मी ट्रॅक्टरवर बसले. किल्ली अर्धी फिरवून धरली, गरम होऊ दिला, चालू केला, पाती खाली सोडली आणि घासात शिरले. दहा पावलंही गेले नसेन. पोटाखालून कुटल्यासारखा आवाज आला, हिरवा चोथा बाहेर उडाला आणि ट्रॅक्टर गचकन बंद पडला. हिरवळीचं आखूड गवत आणि मांडीएवढा रसरशीत घास यात फरक असतो, हे आम्हा दोघींच्याही ध्यानात आलं नव्हतं. पात्यांभोवती घासाचे दोर वळले होते. जो थोडा कापला गेला होता त्याची पार चटणी झाली होती. अक्कानं मूठभर उचलून लिंबाजवळ बांधलेल्या गाईपुढं धरली. गाईनं फुस्स करून तोंड फिरवलं.

अक्का बांधावर बसली. मला वाटलं ती चिडेल. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "माझ्यामुळं तुझंबी पैसं गेलं," ती म्हणाली.

मी काही बोलणार तेवढ्यात आमचे हे बांधाकडून येताना दिसले. आणि पलीकडून, हातात पाना घेऊन, मोठे भाऊजी. दोघंही एकाच वेळी ट्रॅक्टरपाशी पोहोचले. ह्यांनी खाली वाकून बघितलं आणि हात आत घातला.

"गियर काढ आधी," मोठे भाऊजी म्हणाले.

आम्ही दोघी एकमेकींकडं बघायचंही विसरलो.

"काढलाय," हे म्हणाले.

"किल्ली?"

"तीबी काढलीय."

मग दोघं भाऊ दोन्ही बाजूंनी पालथे पडले आणि पात्यांत अडकलेला घास ओढून काढू लागले. आम्हांला दिसत होते ते फक्त चार पाय. मध्येच कुणीतरी "तिकडनं ढकल" म्हणायचं, कुणीतरी "हां" म्हणायचं. कोण काय म्हणतंय ते आवाजावरून ओळखू येत नव्हतं. भावांचे आवाज सारखेच असतात. इतकी वर्षं वेगवेगळे ऐकून मी ते विसरले होते. बाहेर आले तेव्हा दोघांच्या कोपरापर्यंत हिरवा रस होता.

"ह्यो लॉनचा कटर हाय," मोठे भाऊजी मातीकडं बघत म्हणाले. "घासाला पट्टीचा पायजे. बाजूला बसवायचा."

"सुप्याला वर्कशॉपात करून देत्यात," हे म्हणाले.

पोटाखालची पाती सोडवून दोघांनी ती पोत्यात बांधली. नवीन कटर बसवायला माप म्हणून मागचा शाफ्ट, म्हणजे फिरता दांडा, तोही पोत्यात घातला. आणि मग जे झालं ते अख्ख्या वस्तीनं बघितलं. दोघं भाऊ एकाच मोटारसायकलवर बसून सुप्याला गेले, मध्ये पोतं. लोक अक्काला येऊन विचारायला लागले, कुणी आजारी आहे का? अक्का म्हणायची, "व्हय, आमचा ट्रॅक्टर आजारी हाय."

कटर बसला. लांब पट्टी, तिच्यात दात, एकावर एक सरकणारे. आता घास आडवा पडायचा, सरळ, अख्खा, बुडातून कापलेला. पण पट्टी बाजूला आल्यामुळं वळायला जागा जास्त लागायची. बांधापाशी आलं की माझी तारांबळ उडायची. एक दिवस मोठे भाऊजी फावडं घेऊन आले आणि बांधाचं ते टोक त्यांनी खणून सपाट केलं. सगळा बांध नाही, फक्त वळण्यापुरता.

"वळाय जागा नको का?" कुणीही विचारलं नसताना ते म्हणाले.

त्यापुढं दोघं भाऊ बोलायला लागले असं मी म्हणणार नाही. ते ट्रॅक्टरबद्दल बोलतात. डिझेल, तेल, दात घासून आणायचे, पट्टा सैल झालाय. सणाला एकमेकांच्या घरी अजूनही जात नाहीत. विहिरीच्या पाळीचा विषय निघाला की दोघांचीही मान दुसरीकडं वळते. पण ट्रॅक्टरपाशी उभे राहिले की बराच वेळ उभे राहतात, काम संपलं तरी.

मला वाटलं होतं, घासाचं काम लवकर उरकलं की मी आणि अक्का निवांत बोलत बसू. तसं झालं नाही. काम उरकलं की मागं दुसरी कामं उभीच असायची. मी ट्रॅक्टरवर बसले की अक्का लिंबाखाली पाटावर येऊन बसायची आणि सवयीनं बोलायला लागायची. इंजिनच्या आवाजात मला नुसते तिचे ओठ हललेले दिसायचे. मी इंजिन बंद करून विचारायचे, "काय म्हणलात अक्का?"

"काय न्हाई. चालू दे तुझं."

दोन-तीनदा असं झालं, मग ती बोलायची थांबली. नुसती बघत बसायची. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, विळ्याला आवाज नसतो म्हणून आमचं एवढं बोलणं झालं होतं. गुडघे दुखायचे, बोटं कापायची, पाठीचा काटा ढिला व्हायचा, ते सगळं मला पुन्हा नको आहे. कुणी दिलं तरी नको. पण सकाळी दव उडून गेल्यावर त्या कडेच्या ओळीत कुणीतरी अर्धं वाक्य टाकायचं आणि कुणीतरी ते पुरं करायचं, तेवढं मात्र मी अजून शोधते.

दोन वर्षांमागं अक्काचा मुलगा तिला पुण्याला घेऊन गेला. मणक्याचे उपचार तिथंच चालू आहेत. मोठे भाऊजी इथंच राहिले, एकटे, दोन गाई ठेवून. त्यांच्या बाजूचा घासही मीच कापते आणि त्यांचा भारा त्यांच्या गोठ्यात टाकते. दुपारची भाकरी त्यांच्याकडं आमच्या घरून जाते. हे कुणी ठरवलं नाही. एक दिवस ह्यांनीच डबा उचलून नेला, आणि दुसऱ्या दिवशी तो धुतलेला परत आला.

अक्का रोज संध्याकाळी फोन करते. फ्लॅट सातव्या मजल्यावर आहे, खाली बाग आहे, तिथं माळी मशीननं गवत कापतो म्हणते. "वास येतो गं वरपर्यंत," एकदा म्हणाली.

या दिवाळीत ती आठ दिवस आली होती. पाडव्याच्या दिवशी सकाळी मी घास कापायला निघाले तर ती माझ्या आधी लिंबाखाली पोहोचलेली. कमरेला पट्टा बांधलेला, साडी वर खोचलेली.

"बसव मला," ती म्हणाली.

"अक्का, डॉक्टरांनी…"

"डाक्टरनं खाली बसू नको म्हणून सांगितलंय. वर बसू नको म्हणून न्हाई सांगितलं. निम्मा माझा हाय का न्हाई?"

मी आणि तिच्या मागोमाग आलेल्या भाऊजींनी तिला दोन्ही बाजूंनी धरून सीटवर बसवलं. भाऊजी काहीतरी पुटपुटत बाजूला झाले. मी किल्ली तिच्या हातात दिली, अर्धी फिरवून धरायला सांगितली. तिनं इतका वेळ धरली की मलाच म्हणावं लागलं, "अक्का, झालं, आता पुढं." ट्रॅक्टर चालू झाला. सगळ्यात खालचा गियर टाकून दिला आणि मी तिच्या शेजारून चालत होते, एक हात तिच्या गुडघ्यावर. घासाचा पट्टा मागं वाकडातिकडा पडत चालला होता. ती पुढं बघत होती, ओठ घट्ट मिटलेले, आणि मग इंजिनच्या आवाजावर आवाज काढून ओरडली. या वेळी मला ऐकू आलं.

"आगं, कसं लोण्यासारखं कापतंय!"

टोकाला गेलो. मी तिला इंजिन बंद करायला शिकवलं. एकदम शांत झालं. लांबून भाऊजी आणि आमचे हे दोघंही बघत उभे होते, शेजारी शेजारी.

"उतरता का अक्का?" मी तिच्या दंडाला धरलं.

तिनं सीटवरची सतरंजी नीट केली, पदर पुन्हा खोचला आणि स्टिअरिंग धरलं.

"हात सोड," ती म्हणाली. "वळवायचा कसा, तेवढं सांग."